मुहूर्तावर लागणाऱ्या लग्नांचे कार्यालय आणि त्याची पुढची व्यवस्था

श्री सिद्धनाथ प्रसन्न

आज मंगळवार, ज्येष्ठ पौर्णिमा, दिनांक १० जून २०२५. मी, आकाराम हणमंत सूर्यवंशी, वय एकोणपन्नास, धंदा मंगल कार्यालय व थोडी शेती, राहणार मौजे तांबेवाडी, तालुका खानापूर, जिल्हा सांगली, माझ्या स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे. सकाळीच कार्यालयाच्या पत्र्यावर चढून दोन सैल नट आवळून आलो. मन ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट घरातून विरोध आहे. आज वटपौर्णिमा. माझी पत्नी सौ. शालन वडाला सूत गुंडाळून आली आणि माझ्यापुढचे कागद बघून दारातच थांबली. म्हणाली, "आवं, मी तिकडं तुमच्यासाठी आयुष्य मागून आले, आन् तुमी हितं मरणाचा कागद काढून बसलाय."

मी तिला सांगितले की हा कागद मरणाचा नाही, आनंदाचा आहे. तिला ते पटले नाही. वाचणाऱ्याला पटावे म्हणून कारण लिहितो.

आमच्या सिद्धनाथ मंगल कार्यालयाला अकरा वर्षे झाली. त्यातली नऊ वर्षे ते आम्हाला खात होते. प्रत्येक हंगाम संपला की मी कुलूप लावायचे ठरवत असे, आणि पुढच्या हंगामातली एखादी तारीख कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेली असे. गेल्या दोन हंगामांत मात्र कार्यालय आपल्या पायावर उभे राहिले. भाडे वाढवले नाही, एसी बसवला नाही, रस्त्याला मोठा बोर्ड लावला नाही. फक्त रोजचा खर्च कुठे गळतो ते शोधले आणि भोके बुजवली. हे मला दिसेल त्याला सांगावेसे वाटते. विट्याच्या स्टँडवर चहा पिताना अनोळखी माणसालाही मी सांगितले आहे. मागे ठेवण्यासारखे माझ्याजवळ आजवर काही नव्हते. आता आहे, म्हणून लिहायला बसलो.

घाई करण्याचे दुसरे कारण येत्या सोमवारचे आहे. वडिलांच्या मागे वाटणी झाली तेव्हा रस्त्यालगतची पुढची अकरा गुंठे जागा माझे थोरले बंधू श्री. नाथाजी यांच्याकडे गेली आणि मागची माझ्याकडे आली. कार्यालय मागे आहे. फाटक, गाड्या लावायची जागा, वरात वळायची जागा, सगळे पुढे दादांच्या जमिनीत आहे. अकरा वर्षांत त्याचा कागद झाला नाही. भावाभावांत कागद कशाला, असे दोघांनाही वाटत होते. आता दादा ती जागा ट्रॅक्टरच्या शोरूमला भाड्याने देणार आहेत आणि सोमवारी करारावर सही आहे. ती झाली की कार्यालयाला ओढ्याच्या बाजूने बैलगाडीपुरती वाट उरेल. त्या वाटेने कोणी मुलीचे लग्न घेऊन येणार नाही, आणि खाली मी जे देतो आहे ते कागदावरच राहील. दादांची जमीन मला माझ्या मृत्युपत्रात देता येत नाही, हे मला कळते. दादा असे का वागले ते कलम पाचमध्ये लिहिले आहे. त्याला मी कारण आहे.

कलम एक. राहते घर, घरामागची सव्वा एकर जमीन, दोन म्हशी आणि माझ्या नावचे पोस्टातले जे काही असेल ते पत्नी सौ. शालन हिचे. तिच्या हयातीत त्यावर कोणी बोट ठेवू नये. देवघरातला सिद्धनाथाचा टाक तिच्याकडेच राहावा. मी रोज सकाळी त्याच्यापुढे बसून फार काही मागत नाही, नुसता बसतो, हे तिला माहीत आहे. माझ्यानंतर तिने बसावे.

कलम दोन. मंगल कार्यालयाची इमारत, तिच्याखालची व मागची माझ्या वाटणीची जमीन, पाचशे दहा खुर्च्या, टेबले, पंखे, जनरेटर, पाण्याच्या टाक्या आणि नाव, हे सर्व माझी मुलगी कु. साक्षी हिला देतो. एकटीला देतो. ती उद्या लग्न होऊन जाईल तेव्हा काय, असे मला तीन माणसांनी विचारले आहे, त्यात दादाही होते. माझे उत्तर असे आहे की कार्यालयात आजवर तीनशेच्या वर मुली लग्न होऊन गेल्या, त्यांपैकी एकीचेही डोके माहेरी राहून गेल्याचे मी पाहिले नाही. ते बरोबर जाते. साक्षी कऱ्हाडला राहिली काय आणि कोल्हापूरला राहिली काय, कार्यालय तिच्या डोक्यात चालेल.

याला आधार आहे. दोन वर्षांपूर्वी मी खर्च कमी करायचा म्हणून हात घातला तो चुकीच्या ठिकाणी घातला. वाढणाऱ्या बायका चौदा होत्या, त्या नऊ केल्या. पहिल्याच लग्नात रांग फाटकापर्यंत गेली, पोरांनी आमटीचे पातेले कलंडवले, उशिरा जेवायला मिळाले म्हणून नवऱ्या मुलाचे मामा रुसले आणि नऊ जणींपैकी दोघी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. साक्षी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने मला एवढेच विचारले, "आप्पा, बायका कमी करायच्या आदी त्या कशापायी थांबून ऱ्हातात ते बघितलं का?"

मी बघितले नव्हते. मग तिने शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि सहा लग्ने ती कोपऱ्यात घड्याळ लावून बसली. कोण कधी आले, गॅस कधी पेटला, जनरेटर कधी सुरू झाला, मंगलाष्टके कधी संपली. पत्रिकेतला मुहूर्त आणि खरे लग्न यांत सरासरी एक तास दहा मिनिटांचे अंतर निघाले. त्या एक तास दहा मिनिटांत आमचा सगळा धंदा वाहून जात होता.

उन्हाळ्यात आमच्याकडची लाईट दुपारी एकच्या सुमारास जाते. साडेबाराचा मुहूर्त साडेबाराला लागला तर पहिली पंगत लाईट असताना उठते. तो पावणेदोनवर गेला की बत्तीस पंखे, सगळे दिवे आणि पाण्याची मोटर जनरेटरवर येते. तोवर भात गरम ठेवायचा म्हणून शेगड्या जळत राहतात. लोक ताटकळतात आणि नुसते पाणी पितात, एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवतात. पोरे कंटाळून नळ सोडतात. वाढणाऱ्या बायका ओट्यावर बसून राहतात आणि शेवटच्या पंगतीला दमलेल्या असतात. हे वाचून दाखवले तेव्हा मी उभाच राहिलो. नऊ वर्षे मी डिझेलला, गॅसला आणि बायकांना दोष देत होतो आणि गळती घड्याळात होती. शिवाय मुहूर्त हा देवाच्या नावाने काढलेला असतो. तो पाळणे हे पुण्याचेही काम, आणि खर्चही त्यानेच वाचणार. दोन्ही एका जागी मिळाल्यावर मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

कलम तीन. कार्यालय कसे चालवावे याच्या सूचना. या बंधनकारक नाहीत, पण मोडण्याआधी साक्षीने एक हंगाम मोजून बघावे, मग मोडाव्यात.

पत्रिका छापायच्या आधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना कार्यालयात बोलवावे, चहा द्यावा आणि मुहूर्त पाळणार असाल तर फुलांचे तोरण आमच्याकडून, असे सांगावे. तोरणाला दहा लिटर डिझेलपेक्षा कमी पडते. गेल्या हंगामात एकेचाळीस लग्ने झाली. त्यातली एकोणतीस मुहूर्तावर लागली आणि उरलेल्यांत सगळ्यांत मोठा उशीर वीस मिनिटांचा. हे लिहितानासुद्धा माझा हात भरभर चालतो आहे.

पंख्यांची बटणे आधी सोळा-सोळाची होती. पुढच्या दोन ओळींत माणसे असली तरी अर्धा हॉल फिरायचा. आता चार-चारची केली आहेत आणि साक्षीने बटणांवर आणि खाली खांबांवर एकाच रंगाचे ठिपके दिले आहेत, म्हणजे कोणालाही विचारावे लागत नाही. पत्र्यात आठ ठिकाणी पारदर्शक पत्रे घातले. भर दुपारी दिव्यांच्या माळा लावल्याशिवाय शोभा येत नाही, असे मांडववाले म्हणतात. त्यांना लावू द्याव्यात, पण त्यांचा मीटर वेगळा ठेवावा. मीटर वेगळा केल्यापासून त्यांनाही उजेड दिसू लागला आहे.

विजेचा मंजूर भार आम्ही सुरुवातीला भीतीपोटी जास्त मागून घेतला होता. वर्षभर मोजून तो कमी करण्याचा अर्ज दिला, तो मान्य झाला. नव्याने मागताना जेवढे लागते तेवढेच मागावे.

पाण्याचे ग्लास अर्धेच भरावेत आणि हवे त्याला पुन्हा द्यावे. पहिल्या दिवशी मला वाटले लोक कंजूष म्हणतील. कोणाच्या लक्षातही आले नाही, आणि एक टँकर कमी लागला. हात धुतल्याचे पाणी वाळूच्या खड्ड्यातून नारळांना जाते. ती झाडे मी लावली त्याला चार वर्षे झाली, आता कार्यालयाला नारळ विकत आणावे लागत नाहीत.

खुर्च्यांना पांढरे कापड आणि मागे गाठ ही पद्धत बंद केली आहे, ती पुन्हा सुरू करू नये. पाचशे कापडे धुवायला लागणाऱ्या पाण्यात एक वस्ती जगते. त्याऐवजी दर सोमवारी खुर्च्या तपासाव्यात. रिबीट सैल असतानाच ठोकला तर खुर्ची दहा वर्षे जाते.

अक्षता दारात पुडी भरून देऊ नयेत. एका लग्नाला सात-आठ किलो तांदूळ पायाखाली जात असे आणि मग हॉल पाइप लावून धुवावा लागे. आता ताटात घेऊन रांगेतून चिमूट चिमूट द्यायच्या. चिमूट घेतलेला माणूस नेम धरून टाकतो. मूठ घेतलेला शेजारच्याच्या टकलावर टाकतो.

आणि माणसांत काटछाट करू नये. ती मी करून बघितली आहे, वर लिहिले आहे. नऊ बायका पुन्हा चौदा केल्या. लग्न वेळेवर लागल्यापासून त्या चार वाजता घरी जातात आणि हंगाम संपेपर्यंत त्याच त्या चौदा येतात. नवी बाई शिकवण्यात जो वेळ जायचा तो वाचला.

कलम चार. माझी थोरली बहीण आक्काताई, जी नवऱ्याच्या माघारी कार्यालयाचे स्वयंपाकघर सांभाळते, तिला स्वयंपाकघराचा तहहयात हक्क देतो. तिच्या परवानगीशिवाय मेनूत पदार्थ वाढवू नये. एकाच लग्नात तीन गोड पदार्थ मागणाऱ्यांना तिच्याकडे पाठवावे. ती त्यांना विचारते, "खायचं हाय का दावायचं हाय?" आणि ते दोनवर येतात. भात तीन खेपांत शिजवायचा, दुसरी खेप अक्षता पडल्यावरच टाकायची, हा तिचा नियम आहे आणि तो मुहूर्त पाळल्यामुळेच चालतो. शेवटी उरणारा भात त्यामुळे एका पातेल्यावरून एका परातीवर आला.

आचारी यल्लाप्पा, मूळ गाव जत तालुक्यात, यांना मोठ्या तांब्याच्या दोन हंड्या आणि तीन शेगड्या देतो. हंडीला ओले पोते गुंडाळून दहा मिनिटे आधी गॅस बंद करायची रीत त्यांची. मी घाबरलो होतो, भात कच्चा राहील म्हणून. ते म्हणाले, "मालक, भांडं सोता शिजवतंय की. आपण कशाला मधी जळायचं?" आठ सिलिंडरचे पाच झाले.

चुलत मेहुण्यांनी बारशाला बारा खुर्च्या नेल्या आणि नऊ आणल्या, या गोष्टीला पाच वर्षे झाली. त्या तीन खुर्च्या मी सोडून देतो. त्या मागू नयेत. पुन्हा देऊही नयेत.

माझ्या दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणे ठेवू नयेत. लोक उन्हात उभे राहतात.

कलम पाच. माझे थोरले बंधू श्री. नाथाजी हणमंत सूर्यवंशी, लष्करातले निवृत्त हवालदार, यांना मी कोणतीही वस्तू देत नाही. त्यांच्याकडे सगळे आहे. त्यांना जे द्यायचे आहे ते लिहूनच द्यावे लागेल.

कार्यालय सुरू झाले तेव्हापासून माईक दादांकडे होता. पंचवीस वर्षे परेडच्या मैदानावर काढलेला तो आवाज. आमच्याकडे लग्नाआधी आलेल्यांचे स्वागत नाव घेऊन करण्याची पद्धत आहे. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, व्हाइस चेअरमन, त्यांचे चुलते. नाव राहिले तर माणूस न जेवता जातो. दादा एकेका नावाला असा सन्मान देत की ज्याचे नाव घेतले तो ताठ बसायचा. पण वहीत उशिराची कारणे लिहिली तेव्हा सर्वांत मोठे कारण तेच निघाले. पंचवीस ते चाळीस मिनिटे. साक्षीने त्या रकान्याला "स्वागत" असे नाव दिले होते. दादांचे नाव तिने लिहिले नाही.

मी दादांना सांगितले, "आवं दादा, जरा आवरतं घ्या." ते म्हणाले, "लोकं लांबनं येत्यात रं. त्यास्नी काय नुसती पत्रावळ दावायची?" त्यांचेही खरे होते. मग मी नियम केला की मुहूर्ताला दोन मिनिटे असताना भटजींचा माईक सुरू होईल आणि दुसरा बंद होईल. दादा दोन हंगाम त्या नियमात राहिले. मनात नसताना राहिले. एकोणतीस लग्ने मुहूर्तावर लागली त्यात त्यांचा वाटा निम्मा आहे, हे मी कधी त्यांना म्हणालो नाही.

यंदाच्या अक्षय तृतीयेला एक लग्न होते. मुलीचे वडील पृथ्वीराज दादांच्या पलटणीत नाईक होते आणि मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा नोकरीवर असतानाच वारले. मुलीची आजी तानुबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. मुहूर्त बारा एकतीसचा. दादांनी त्या दिवशी सरपंच, चेअरमन सगळे चार मिनिटांत संपवले. मला आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला. बारा एकोणतीसला त्यांनी कागद खिशात घातला, टोपी सारखी केली, आणि म्हणाले, "आता ज्याचं नाव घ्यायचं ऱ्हायलंय..."

मी बटण खाली केले.

मला वाटले आणखी कोणी पुढारी आला असेल. दादांचे ओठ हलत राहिले आणि आवाज आला नाही. साडेसहाशे माणसे हसली. भटजींनी मंगलाष्टके सुरू केली. बारा एकतीसला अक्षता पडल्या आणि मी वहीत "वेळेत" असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. जेवणे झाल्यावर तानुबाई आक्काताईला विचारताना मी ऐकले, "माज्या लेकाचं नाव न्हाई घेतलं व्हय गं?"

त्या दिवसापासून चाळीस दिवस दादा कार्यालयाची पायरी चढले नाहीत. मी दोनदा त्यांच्या दारात गेलो आणि दोन्ही वेळा जागेबद्दल बोलून परत आलो. नावाबद्दल बोललो नाही. शोरूमवाले मग आले, आधी आले नव्हते.

दादा, मी तुमचा आवाज भर मांडवात बंद केला. तुम्ही काय म्हणणार होता ते मी विचारले नाही. मला मिनिट दिसले, माणूस दिसला नाही. मी जिवंतपणी हे तोंडाने बोलू शकलो नाही म्हणून इथे लिहितो आणि माफी मागतो. जमीन तुमची आहे. सोमवारी सही केलीत तरी ही माफी तशीच राहील.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी साक्षीने करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे विचार बदलला तर हयातीत हे रद्द करण्याचा वा बदलण्याचा हक्क मी राखून ठेवतो.

पुरवणी. आजच, दुपारी तीननंतर लिहिलेली.

साक्षीदार म्हणून मी माझे शाळेतले गुरुजी श्री. उदयसिंह जाधव यांना बोलावले होते. ते कागद वाचत असताना दादा आले. वडाहून परतणाऱ्या वहिनींना शालनने दारातच सांगितले आणि वहिनींनी घरी जाऊन दादांना सांगितले, असे नंतर कळले. मी कागद दादांच्या हातात दिला. ते चष्मा लावून उभ्यानेच वाचू लागले, ऑर्डर वाचावी तसे. मेहुण्याच्या खुर्च्यांपाशी त्यांच्या नाकातून थोडा आवाज आला. पाचव्या कलमाला ते खाली बसले. वाचून झाल्यावर त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला.

मग म्हणाले, "मला माफी नगं रं. माजा आवाज बंद केलास ते मी गिळलं असतं. मी काय, बोलतच असतोय. पर पृथ्वीराजला सोताचं नाव घ्यायला येत न्हाई."

गुरुजींनी पाण्याचा तांब्या दादांकडे सरकवला.

"त्याचं नाव घ्यायचं," दादा म्हणाले. "तू घ्यायचं. माईकवर, मुहूर्ताच्या आदी, आन् म्हातारीला म्होरं बसवून. जिथं लोकं हसली तिथंच."

मला माझी लाज वाटते, पण जे झाले ते लिहितो. मी विचारले, "दादा, किती मिन्टं लागतील?"

गुरुजींनी मान खाली घातली. दादांनी माझ्याकडे पाहिले आणि ते हसले, चाळीस दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, "मोज की. घड्याळ हाय न्हवं हातात?"

आम्ही अंगणात उभे राहून मोजले. नाव, गाव, पलटण, त्यांनी काय केले त्याची चार वाक्ये, मग सगळ्यांनी उभे राहून गप्प राहायचे. दादा सांगत गेले, मी म्हणत गेलो. दुसऱ्या वाक्याला माझा आवाज फुटला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटले. साडेतीन मिनिटे. आणि ती साडेतीन मिनिटे कुठून येणार हे मला तिथल्या तिथे सुचले, मी जवळजवळ ओरडलोच. मुहूर्ताआधी बोहल्यावर आणताना दोन्हीकडची पोरे नवरा-नवरीला उचलून धरतात त्यात सहा मिनिटे जातात. वहीत आहे. त्यातली साडेतीन घ्यायची. मुहूर्ताला धक्का लागत नाही.

दादा गुरुजींना म्हणाले, "बघा, मेल्यावर बी ह्यो यमाला घड्याळ दावंल."

जागेबद्दल मी विचारले नाही. तेच उठताना म्हणाले, "सोमवारी मी सही करत न्हाई. पर आपल्यात बी तोंडी नगं आता. साक्षीच्या नावानं कागद करू, रजिस्टर. कार्यालय चालू हाय तवर वाट तिची." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाटेचा तो करार वेगळा होईल. या मृत्युपत्राचा तो भाग नाही, आणि ती वाट साक्षीला दादा देत आहेत, मी नव्हे, हे इथे नोंदवतो.

तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे जे पहिले लग्न लागेल, त्यात दोन्ही घरांच्या संमतीने, अक्षतांच्या आधी, तानुबाईंना पहिल्या ओळीत बसवून नाईक पृथ्वीराज यांचे नाव मी स्वतः घेईन. त्या वेळी माईकच्या बटणाजवळ कोणी उभे राहू नये. त्यानंतर दर लग्नाआधी, त्या घरातले जे माणूस लग्न बघायला उरले नाही त्याचे एक नाव घ्यावे. कोणाचे, ते घरच्यांना आधी विचारावे, आणि ते दादांनी घ्यावे. साक्षीने वहीत त्यासाठी नवा रकाना आखावा आणि त्यातला वेळ उशिरात धरू नये.

मी तुळशीच्या लग्नाआधी गेलो, तर पृथ्वीराज यांचे नाव साक्षीने घ्यावे. त्या दिवशी त्यात दुसरे कोणाचेही नाव घालू नये. माझेही नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो आहे. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

लिहून ठेवणार:
(सही) आकाराम हणमंत सूर्यवंशी

साक्षीदार:
१. (सही) उदयसिंह यशवंत जाधव, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार तांबेवाडी
२. (सही) नाथाजी हणमंत सूर्यवंशी, निवृत्त हवालदार, राहणार तांबेवाडी

ठिकाण: तांबेवाडी, तालुका खानापूर, जिल्हा सांगली
दिनांक: १० जून २०२५, दुपारी चार वाजून बारा मिनिटे